खांद्याचे ऑपरेशन झाले, हँडल कधी धरायचे?

रिक्षा दारात उभी राहिली की घर अडते. हप्ता थांबत नाही, मुलांची फी थांबत नाही. म्हणून खांद्याचे ऑपरेशन झालेला भाऊ गळ्यातली झोळी सुटायच्या आधीच सीटवर बसतो. हीच घाई महागात पडते.

खांद्याचा स्नायू हाडापासून तुटला असेल तर डॉक्टर तो हाडाला पुन्हा शिवतात. कातडीवरचे टाके दोन आठवड्यांत निघतात. पण आतला स्नायू हाडाला घट्ट धरायला साधारण १२ आठवडे लागतात. तोवर जोराचा झटका बसला तर शिवण उसवू शकते. दुखणे थांबले म्हणजे आतले जुळले, असे नाही.

रिक्षाला दोन्ही हात लागतात. डावीकडे क्लच आणि गिअरची मूठ, उजवीकडे अ‍ॅक्सिलरेटर. जुन्या रिक्षाची लिव्हर ओढताना झटका सरळ खांद्यात जातो. मोटारसायकलवर खड्डा आला किंवा कुत्रे आडवे आले, तर सगळा भार हातांवरच येतो.

साधारण हिशेब असा: झोळी ४ ते ६ आठवडे. झोळी असेपर्यंत कोणतेही वाहन नाही. दुर्बिणीतून नुसती साफसफाई केली असेल तर काही आठवड्यांत परवानगी मिळते. स्नायू शिवला असेल तर ६ ते १२ आठवडे. रिक्षा-दुचाकीला कारपेक्षा जास्तच. जड ओझे त्याहून उशिरा. तुमची तारीख मात्र ऑपरेशन करणारे डॉक्टरच ठरवतील. सिव्हिलमध्ये ऑपरेशन झाले असेल तर फेरतपासणी चुकवू नका.

परवानगी मिळाल्यावर आधी बंद गाडीवर बसून पाहा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळते का? ब्रेक, क्लच एकदम दाबता येतो का? न दुखता जमले, तरच मोकळ्या मैदानात थोडे चालवा. लगेच सात रस्त्याच्या गर्दीत शिरू नका. गुंगी आणणारी वेदनाशामक गोळी घेतली असेल तर गाडीला हात लावू नका. शरीर साथ देत नसताना वाहन चालवणे हा मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८६ नुसार गुन्हाही आहे.

तोवर लायसन्स-बॅज असलेल्या विश्वासू माणसाला रिक्षा शिफ्टवर द्या. सांगितलेले व्यायाम रोज करा. घरच्यांनीही "कधी निघणार?" असा तगादा लावू नये. दोन महिन्यांची कमाई पुन्हा मिळवता येते; शिवण उसवली तर पुन्हा ऑपरेशन, आणि पुन्हा तेवढेच महिने घरी.