लेकराला पहिला घोडा घेताना



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खोडवा, हुमणी यांवर लिहितो. या खेपेस घोड्यावर लिहितो याचे काहींना नवल वाटेल. पण गेल्या काही वर्षांत आपल्या गावागावांत दारात घोडा बांधायची हौस पुन्हा आली आहे, आणि उसाचे बिल जमा होण्याचा काळ आणि घोड्यांच्या यात्रांचा काळ नेमका एकच पडतो. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, मार्गशीर्षातच नांदेडकडे माळेगावच्या खंडोबाची. खात्यावर पैसे आलेले, घरात बारा-तेरा वर्षांचे पोर हट्ट धरून बसलेले, मग काय, जीप निघते.

आमच्या घरातूनही अशीच निघाली होती. नात सातवीत. चार महिने तालुक्याच्या गावी शिकायला जात होती, लगाम धरायला आलेला, दुडकी चाल बसायला लागलेली. 2023 सालच्या हंगामात आम्ही आणि आमचे थोरले चिरंजीव यात्रेला गेलो आणि एक पांढराशुभ्र नुकरा घेऊन आलो. वय तीन. कान टोकाला टोक लावून उभे, मान धनुष्यासारखी. विकणाऱ्याने हलगी वाजवली की दोन पायांवर नाचत होता. भोवताली हीऽऽ गर्दी. आम्ही भुललो, हे इथे कबूल करतो.

चौथ्या दिवशी नातीने घोड्याला चालावे म्हणून टाच लावली. तिला शिकवलेच तसे होते. पण त्या घोड्याला वरातीत नाचायला शिकवताना टाचेचा अर्थ वेगळा शिकवलेला. तो सरळ मागच्या पायांवर उभा राहिला. पोर पाठीवरून खाली, उजव्या हाताचे मनगट मोडले. डोक्यावर टोपी होती म्हणून तेवढ्यावर भागले. घोड्याचा काही दोष नव्हता. त्याला जे शिकवले ते त्याने केले. विकणाऱ्यालाही आम्ही दोष देत नाही, कारण घोडा नाचतो हे तो ओरडून सांगत होता. पोरगी त्यानंतर पाच महिने घोड्याजवळ गेली नाही. हात सहा आठवड्यांत बरा झाला होता.

नंतर एका जुन्या मोतद्दाराने आम्हाला विचारले, "आण्णा, नवा गोऱ्हा तुम्ही कुणाच्या जोडीला जुपता?" आम्ही म्हटले, जुन्या बैलाच्या. "मग घोड्याला का इसरला?"

खरेच, हे आपणांस सांगायला नको होते. दोन्ही नवखे एका जुवाखाली कोणी घालत नाही. ज्याला बसता येत नाही त्याला, ज्याला बसवून घेता येत नाही असा घोडा देणे हाच तो प्रकार. शिकणाऱ्या मुलाचा पहिला घोडा आठ ते पंधरा वर्षांचा असावा. लोक म्हणतात म्हातारा झाला. नाही. नीट सांभाळलेला घोडा वीस-पंचवीस वर्षे जगतो, आणि दहा वर्षांच्या घोड्याने रस्ता, कुत्री, फटाके, छत्र्या सगळे पाहिलेले असते.

वय दातावरूनच पाहावे, पण बैलाची नजर इथे चालत नाही. बैलाला वर पुढचे दात नसतात, घोड्याला खाली सहा तसे वरही सहा. अडीच वर्षांच्या सुमारास मधले दोन दुधाचे दात पडून नवे येतात, साडेतीनला त्यांच्या शेजारचे, साडेचारला कडेचे. पाचव्या वर्षी तोंड भरते. त्यापुढे खालच्या दातांच्या माथ्यावरचे खळगे झिजत जातात, साधारण आठव्या वर्षापर्यंत बुजतात. मग अंदाजच. दात लांब आणि पुढे कललेले दिसले की जनावर वयस्क समजावे. स्वतःला कळत नसेल तर कळणाऱ्याला घेऊन जावे, त्यात कमीपणा नाही.

घोडा की घोडी? नर घोडा मुलाला देऊ नये. घोडी दिसली, वास आला की तो कोणाचा राहत नाही. खच्ची केलेला घोडा शांत असतो, पण आपल्याकडे खच्ची करण्याची चाल कमी, त्यामुळे सोय शांत घोडीचीच होते.

रंग, पंचकल्याणी, देवमण, कुठे कोणता भोवरा, यावर यात्रेत किमती हजारांनी वरखाली होतात. आम्ही श्रद्धेची थट्टा करीत नाही. आमच्याही आई भोवरा पाहिल्याशिवाय गाय घेत नसत. पण भोवरा चांगला म्हणून घोडा लाथ मारायचा राहत नाही. उंचीचेही तसेच. मारवाडी, काठेवाडी घोडे देखणे खरेच, पण मुलाला बुटके जनावर बरे. आपल्या दख्खनची भीमथडी जात अंगाने लहान, काटक आणि कमी चाऱ्यावर राहणारी. आता तिची देशातल्या नोंदणीकृत जातींत गणना झाली आहे. मिळाली तर जरूर पाहावी. वजनाचा हिशेब म्हणाल तर बसणारा आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नको. तीनशे किलोच्या घोडीला चाळीस किलोचे पोर म्हणजे काहीच नाही.

पाहायला जाताना न सांगता, सकाळी जावे. आधी पळवून दमवलेला घोडा कोणाचाही शांतच दिसतो. गुंगीचे औषध देणारेही असतात, म्हणून एकदा पाहून सौदा करू नये, दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. खरारा करताना, खोगीर चढवताना कान मागे पाडतो का, दात दाखवतो का ते पाहावे. चारही पाय एकेक करून उचलून पाहावेत. कठीण जमिनीवर दुडक्या चालीने धावायला लावावे. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा डोके वर उडवतो, ते लगेच कळते. मग आधी विकणाऱ्याच्या माणसाने बसावे, मग आपल्या जाणत्याने, आणि सगळ्यांत शेवटी मुलाने. बाकीच्या घोड्यांपासून एकटा दूर जातो का आणि सांगितल्याबरोबर थांबतो का, या दोन गोष्टी आम्ही पळण्यापेक्षा मोठ्या मानतो. टाचेला नाचतो का, हे तर आम्ही आता पहिल्यांदा विचारतो!

आणि एक परीक्षा खास आपल्या भागाची. हंगामात रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, त्यावर कर्णे, उसाचे लोंबते वाढे. घोडा तिथे घेऊन जा आणि बाजूला उभा करा. बुजून गटारात उतरत असेल तर कितीही गुणी असो, तुमच्या पोराच्या कामाचा नाही.

सौदा पक्का करण्याआधी पशुवैद्यांकडून तपासणी आणि ग्लँडर्सच्या रक्तचाचणीचा दाखला पाहिजेच. हा रोग माणसालाही होतो. धनुर्वाताची लस टोचून घ्यावी, घोडा त्या रोगाला फार लवकर बळी पडतो.

घरी आणल्यावर मोठी चूक होते ती चाऱ्याची. घोडा रवंथ करीत नाही, पोट लहान, आणि त्याला उलटी होत नाही. पोटशूळ उठला की रात्रीत जातो. तीनशे किलोच्या घोड्याला रोज सहा किलोच्या आसपास कोरडा चारा लागतो, तोही थोडाथोडा, दिवसभर. चंदी बेताची. गूळ, मळी, ऊस प्रेमाने खाऊ घालू नये. गोड आणि धान्य फार झाले की खुरांच्या आत सूज येऊन घोडा कायमचा लंगडतो. गोठ्यातले पशुखाद्य तर मुळीच नको. काहींत मोनेन्सिन नावाचे औषध असते, गाईला ते चालते, घोड्याला विष. सहा ते आठ आठवड्यांनी खूर कापायला नालबंद लागतो, आणि तो आता दहा गावांत एखादाच उरला आहे. तेव्हा आधी नालबंद शोधा, मग घोडा.

मुलाच्या पायात टाचेचा बूट असावा, चप्पल नको. रिकिबीत पाय अडकून फरफटत जाण्याचे प्रकार त्यानेच होतात. डोक्याला घोडेस्वारीचीच टोपी, हनुवटीखाली पट्टा बांधून.

नुकरा आम्ही एका जाणत्या घोडेवाल्याला दिला, तोटा सोसून. मग त्या मोतद्दारानेच एक घोडी दाखवली. अकरा वर्षांची, मातकट रंग, एक कान फाटलेला. यात्रेत कोणी दुसऱ्यांदा वळून पाहिले नसते. चिरंजीव म्हणाले, "आबा, लोक हसतील." घोडी दारात बांधली. नात पहिले आठ दिवस फक्त लांबून बघायची, मग पाण्याची बादली न्यायला लागली, मग खरारा. बस म्हणून आम्ही एकदाही म्हटले नाही. एका रविवारी सकाळी खोगीर तिनेच काढून आणले आणि म्हणाली, "आबा, तुम्ही लगाम धरा, पण सोडायचा नाही."

पाटापर्यंत धरला. परत येताना तिनेच सोडायला सांगितला.