मे महिन्यातलं विमान आणि काळा पडलेला प्लग

मे महिन्यात, भर दुपारी पप्पांची जुनी स्कूटर बंद पडली. मी चोक ओढून किका मारत बसले. शेवटी मेकॅनिक चाचांनी प्लग काढून दाखवला: पेट्रोलने ओला, काजळीने काळा. एवढ्या उन्हात चोक कशाला ओढलास, म्हणाले. तेवढ्यात बीदरच्या हवाई दलाच्या तळावरचं विमान डोक्यावरून गेलं. मनात आलं, या उन्हात त्याच्या इंजिनाचं काय होत असेल?

मी साहित्याची विद्यार्थिनी, तरी शोधलंच.

हवा तापली की विरळ होते. बीदरला डिसेंबरच्या पहाटे 15 अंश आणि मेच्या दुपारी 40 अंश धरले, तर दुपारी तेवढ्याच जागेत हवा साधारण 8 टक्के कमी असते. बीदर समुद्रसपाटीपासून सुमारे 2,200 फूट उंच. पण 40 अंशांत इथली हवा जवळजवळ 5,700 फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. म्हणजे विमान उभं बीदरला, पण त्याच्या दृष्टीने ते कळसूबाईच्या शिखराच्याही वर! इंजिनाची ताकद घटते, पंखांना आधार कमी मिळतो, उड्डाणाला धावपट्टी जास्त लागते.

आता प्लग. पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानात हवा कमी आणि पेट्रोल तेवढंच राहिलं, की मिश्रण घट्ट होतं आणि प्लगवर काजळी धरते. माझ्या स्कूटरसारखंच! म्हणून वैमानिक गरजेप्रमाणे पेट्रोल हाताने कमी करतो. शिवाय प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात, त्यांना ठिणगी देणारे मॅग्नेटोही दोन. उड्डाणाआधी एकेक मॅग्नेटो बंद करून बघतात. फेरे थोडे कमी झाले तर ठीक. जास्त उतरले किंवा इंजिन थरथरलं, तर विमान परत. स्कूटर रस्त्याकडेला लावता येते, आकाशात ती सोय नाही.

बीदरच्या हॉक जेटमध्ये ठिणगी मुख्यतः इंजिन सुरू करतानाच लागते. पुढे ज्वाला आपोआप जळत राहते. म्हणजे काजळीची कटकट नाही. पण विरळ हवेतून जेटचीही सुटका नाही. 1996 साली इथेच सुरू झालेल्या सूर्यकिरण पथकाची विमानंही जेटच. उन्हाचा हिशोब त्यांनाही चुकत नाही.

तेव्हा मित्रांनो, उन्हाळ्यात गाडी रुसली तर आधी चोक बघा. प्लगला शिव्या नंतर.