गोठलेला क्षण, धूसर पार्श्वभूमी

चलच्चित्र ही वस्तुतः स्थिर चित्रांची मालिका असते. चित्रपटात एका सेकंदात सामान्यतः २४ चित्रे डोळ्यांपुढून सरकतात. त्यांपैकी एकच चित्र पडद्यावर रोखून धरले, की दृश्य गोठते. सत्यजित राय यांच्या ‘चारुलता’ (१९६४) या चित्रपटाचा शेवट अशाच गोठलेल्या चित्रांनी होतो. पतिपत्नींचे हात जवळ येतात, पण भेटत नाहीत.

गोठलेल्या चित्रातील एकाच व्यक्तीकडे लक्ष वेधायचे असल्यास संपादक संगणकावर त्या चित्राच्या दोन प्रती एकावर एक ठेवतो. वरच्या प्रतीतील व्यक्ती तेवढी राखून बाकीचा भाग काढतो आणि खालची प्रत धूसर करतो. धूसर करणे म्हणजे प्रत्येक बिंदूच्या रंगात शेजारच्या बिंदूंचे रंग मिसळणे. व्यक्तीची कडा किंचित मऊ ठेवली नाही, तर ती कात्रीने कापून चिकटवल्यासारखी दिसते.

मात्र या तंत्राला विवेकाची जोड हवी. हाणामारीच्या बातमीत एकाचा उगारलेला हात स्पष्ट ठेवला आणि समोरच्याच्या हातातील काठी धूसर केली, तर दोष कोणाचा, हा निवाडा चित्रच करून टाकते. म्हणून मूळ चित्रण जपावे व केलेला बदल प्रेक्षकांना सांगावा. आपणही चित्र पाहताना, काय धूसर केले आहे, हे अवश्य विचारावे.