चाचणी आजची, निकाल कालचा!

रक्त आजचे दिले आणि हाती महिन्यापूर्वीचा रिपोर्ट आला, तर उपचार चुकणारच. सॉफ्टवेअरच्या चाचण्यांतही असेच होऊ शकते.

प्रोग्राममधली चूक कोणत्या ओळीत आहे, हे शोधायला डीबगर मदत करतो. जीडीबी हा प्रसिद्ध डीबगर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिला. डीबगर तपासताना छोटे प्रोग्राम वारंवार कंपाइल करावे लागतात. हा वेळ वाचवते 'सीकॅश'. अँड्र्यू ट्रिजेल यांनी ते २००२ मध्ये आणले. कोड, कंपायलर आणि दिलेल्या सूचना आधीसारख्याच असतील, तर ते साठवलेली फाइल तशीच पुढे करते.

अडचण इथेच येते. डीबगरसाठीच्या माहितीत कंपाइल झालेल्या फोल्डरचा पत्ताही असतो. समजा, घनसावंगीतल्या एखाद्या विद्यार्थ्याने प्रोजेक्ट दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी केला. कोड तोच, म्हणून साठवलेली फाइल मिळाली; पण तिच्यात पत्ता जुना! जुना फोल्डर काढून टाकला असेल, तर डीबगरला कोड सापडत नाही. काल पास झालेली चाचणी आज नापास होते आणि निर्दोष डीबगरवर खापर फुटते.

म्हणूनच डीबगची माहिती हवी असेल, तेव्हा सीकॅश चालू फोल्डरचा पत्ताही जुळवून पाहते. वेग वाढवण्यासाठी ही सोय बंद केली, की धोका परततो. त्यामुळे डीबगरच्या चाचण्यांपुरते सीकॅश बंद ठेवणेच उत्तम. वेळ थोडा जास्त जाईल, पण निकाल आजचा असेल.