टेबलापलीकडून (भाग ६) : फटका सोडा, पाय बघा

शालेय टेबल टेनिस १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन गटांत खेळलं जातं. जिल्हा, मग विभाग, मग राज्य अशी ती चढण. बीड जिल्ह्यातल्या आष्टी, धारूर किंवा वडवणीच्या पोराला आपल्या खेळातला खरा दोष पहिल्यांदा कोण दाखवतं? बहुतेकदा विभागाच्या फेरीतला समोरचा खेळाडू. आणि तो दाखवतो तेव्हा सुधारायला वेळ उरलेला नसतो. गावच्या क्रीडाशिक्षकांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. कबड्डी, खो-खो, मैदानी स्पर्धा हे सगळं त्यांच्याच गळ्यात असतं. एका मुलाचा बॅकहँड रोज उभं राहून पाहायला त्यांनी वेळ आणायचा कुठून? म्हणून या आठवड्यात आपला खेळ आपणच तपासायचा कसा, ते पाहू.

आधी टेबल तपासा. नियम असा की ३० सेंटिमीटरवरून सोडलेला चेंडू सुमारे २३ सेंटिमीटर उसळला पाहिजे. वर्गातली पट्टी घ्या आणि टेबलावर पाच-सहा ठिकाणी चेंडू सोडून बघा. पावसाळ्यात पाणी झिरपून फुगलेल्या प्लायवूडवर काही जागा मेलेल्या असतात. तिथे चुकलेल्या फटक्याचा दोष हाताला देऊ नका. पंख्याचंही तेच. चेंडू अवघा २.७ ग्रॅमचा. मे महिन्यात बीडमध्ये पंखा बंद करून खेळा असं सांगणं माणुसकीला धरून नाही, पण तपासणीपुरता तरी तो बंद ठेवा.

आता मोबाइल. पाण्याच्या बाटलीला टेकवून तो खुर्चीवर ठेवला तरी चालतं, फक्त चौकटीत तुमचे पाय आणि सगळं टेबल आलं पाहिजे. एकदा बाजूने चित्रण घ्या, एकदा मागून. साध्या चित्रणात सेकंदाला ३० चित्रं येतात. सेकंदाला १० मीटर वेगाने आलेला चेंडू दोन चित्रांच्या मध्ये ३३ सेंटिमीटर पुढे सरकलेला असतो, म्हणजे बॅटला लागल्याचा क्षण बहुधा निसटतोच. स्लो मोशनमध्ये २४० चित्रं घेतली की हेच अंतर ४ सेंटिमीटरवर येतं, जेवढा चेंडूचा व्यास तेवढं. जुन्या ट्यूबलाइटखाली मात्र स्लो मोशनचं चित्र लुकलुकतं. दिवसा, खिडकीच्या उजेडात घ्या.

स्वतःचं चित्रण पहिल्यांदा पाहणारा फटकाच पाहत बसतो. मनगट कसं वळलं, बॅट कुठे गेली, मोबाइलवर पाहिलेल्या चिनी खेळाडूसारखं दिसतंय का! माझं मत असं की फटका हा तपासणीतला सगळ्यात कमी उपयोगाचा भाग आहे. तो कसा झाला हे चेंडूने आधीच सांगितलेलं असतं. बिघाड बहुधा फटक्याच्या आधी झालेला असतो, नाहीतर नंतर.

म्हणून पडद्याचा वरचा अर्धा भाग कागदाने झाका आणि फक्त पाय बघा. समोरच्याची बॅट चेंडूला लागते त्या क्षणी चित्र थांबवा. तुमच्या टाचा जमिनीला चिकटलेल्या आहेत? गुडघे सरळ? मग पुढचा चेंडू तुम्ही कमरेतून वाकून, हात लांबवून घेणार हे ठरलेलं. फोरहँड सारखा नेटमध्ये जातो म्हणून बॅटचा कोन बदलत बसलेले कितीतरी खेळाडू दिसतात. पाय पाहिले की कळतं, चेंडू शरीरापुढे न भेटता कमरेच्या मागे भेटतोय. कोनाचा काही संबंधच नसतो.

मग फटक्यानंतरचं. मारलेला चेंडू पलीकडे टप्पा घेतो तिथे चित्र पुन्हा थांबवा. बॅट तोवर छातीसमोर परत आलेली हवी. ती अजून खांद्यावर असेल, तर एक सुंदर फटका मारून तुम्ही पुढचा गमावलेला आहे.

खरं काम फटक्याआधी पाय करतात, हे मांडव्याच्या अविनाश साबळेची शर्यत पाहिलेल्यांना लगेच पटेल. ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. प्रेक्षक उडी बघतो, पण उडी सरळ जाते ती आधीची पावलं मोजून पडली तर. साबळेने २०१८ मध्ये भुवनेश्वरला ८ मिनिटे २९.८० सेकंदांत शर्यत संपवून गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्याने ती वेळ ८ मिनिटे ९.९१ सेकंदांवर आणली. तेच अंतर, तेच पस्तीस अडथळे, आणि जवळजवळ २० सेकंद कमी.

चेंडू बॅटवर नेमका कुठे लागतो, याला मोबाइलची गरज नाही. काळं रबर ओल्या कापडाने पुसून वाळवा आणि कोऱ्या चेंडूने दहा मिनिटं खेळा. नव्या चेंडूवरची पूड रबरावर पांढरे ठसे सोडते. ते एका जागी गोळा झाले असतील तर ठीक. दांड्यापासून टोकापर्यंत पसरले असतील तर पुन्हा पायांकडे या.

कानाचा उपयोग मात्र आपण विसरलोच आहोत. फेब्रुवारी १९५२ मध्ये मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर जागतिक स्पर्धा झाली. जपानचा हिरोजी सातोह जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला. तोवर बहुतेक सगळे दाणेदार रबराच्या बॅटने खेळत आणि प्रत्येक फटक्याचा टक् आवाज येई. प्रतिस्पर्धी त्या आवाजावरून चेंडूचा जोर ओळखत. सातोहच्या बॅटला आवाजच नव्हता! भलेभले गोंधळले, अंतिम सामन्यात हंगेरीचा योझेफ कोचियान हरला आणि सातोह जगज्जेता झाला. पुढे १९५९ मध्ये स्पंजसह रबराच्या जाडीवर ४ मिलिमीटरची मर्यादा आली. आजच्या बॅटचा आवाज दबका असतो, पण असतो. चित्रण डोळे मिटून ऐका. चेंडू घासून मारलेल्या टॉपस्पिनचा आवाज बारीक येतो आणि सपाट मारलेल्याचा ठसठशीत. फिरकी दिली असं वाटत असताना प्रत्येक वेळी ठसठशीत आवाज येत असेल, तर फिरकी तुमच्या मनातच आहे.

सर्व्हिस एकट्याने तपासता येते. चेंडू हातातून किमान १६ सेंटिमीटर वर जायला हवा आणि नेटची उंची १५.२५ सेंटिमीटर आहे. म्हणजे तळहातापासून नेटच्या उंचीहून थोडा जास्त उडाला पाहिजे. चित्रात दोन्ही एकत्र दिसतात, मोजपट्टी नको. बॅकस्पिनची परीक्षा रिकाम्या टेबलावर घ्या. आखूड सर्व्हिस पलीकडे टप्पा घेऊन नेटकडे परतू लागली तर फिरकी भरपूर आहे. जागीच मंदावली तरी वाईट नाही. सरळ पुढे पळाली तर बॅट चेंडूच्या खालून नव्हे, मागून लागते आहे.

शेवटी वही. ११ गुणांचा गेम संपला की गमावलेल्या प्रत्येक गुणापुढे एकच खूण करा : आपली सर्व्हिस आणि तिच्यावरचा तिसरा चेंडू, समोरच्याची सर्व्हिस आणि आपला चौथा, की त्यापुढची रॅली. चिनी प्रशिक्षक सामन्याची चिरफाड याच तीन भागांत करतात. वहीत एक रकाना फुगलेला दिसेल. पुढचे दोन आठवडे तेवढ्याचाच सराव करा, बाकीच्याला हात लावू नका. सुरुवातीला गुण जास्तच जातील, कारण जुनी सवय सुटते पण नवी अजून बसलेली नसते. त्या काळात मित्राशी पैज लावून खेळू नका. दोन आठवड्यांनी चित्रण घ्याल तेव्हा मोबाइल त्याच खुर्चीवर, त्याच कोनात ठेवा, नाहीतर तुलना फसते.

पुढच्या भागात रबर : ते धुवायचं कशाने, बदलायचं कधी, आणि महागडं रबर नवख्याचा खेळ बिघडवतं ते का.