सोळा आण्यांचा हिशेब

चित्र लहान-मोठे करणे म्हणजे असलेले पिक्सेल दाबणे किंवा ताणणे, हा सार्वत्रिक समज फेरफार नोंदवहीचे स्कॅन केलेले एखादे जुने पान ८०० टक्के मोठे करून निरखू लागल्यावर टिकत नाही. कारण प्रत्यक्षात नव्या आकाराची कोरी चौकट आखून तिच्या प्रत्येक घरात, जुन्या घरांचे दाखले पाहून, नवा आकडा भरावा लागतो. करड्या छटांच्या चित्रात हा आकडा ० ते २५५ यांमधला. शून्य निव्वळ काळा, २५५ शुभ्र.

जवळच्या घराचा आकडा जसाच्या तसा उतरविण्याची रीत सर्वांत सोपी, आणि तीत तिरप्या रेघांना पायऱ्या पडतात, एवढे सांगितले म्हणजे पुरे. बायलिनिअर रीतीत मात्र खरा हिशेब आहे, व चित्र दुप्पट करताना तो जुन्या नाणेपद्धतीत चपखल बसतो: जवळच्या चार घरांपैकी अगदी लगतच्याचा हिस्सा नऊ आणे, आडव्या व उभ्या शेजाऱ्यांचे तीन-तीन, कोपऱ्यातल्या दूरस्थाचा एक, मिळून पुरता रुपया. उभ्या दांड्याच्या कडेला शाईचा ४० आणि त्याला लागून कागदाचा २०० असेल, तर त्या सांध्यावर ८० व १६० या मुळात नसलेल्या छटा उतरतात आणि कड मऊ पडते. १९८१ साली रॉबर्ट कीज यांनी मांडलेली घनीय पद्धत सोळा घरांची साक्ष घेते व त्यांतील काहींचे वजन उणे धरते. त्यामुळे कड ठसठशीत होते खरी, परंतु अक्षराभोवती कागदाहूनही पांढरी अशी बारीक झालर उमटते. मला ही झालर अधिक खटकते. मऊपणा निदान पदरचे काही सांगत नाही.

लहान करणे सोपे वाटते, वस्तुतः तेच अवघड. पानाची लांबी-रुंदी एक-दशांश करताना शंभर घरांचा निवाडा एका घरात करावयाचा असतो, आणि त्यांतले एकच ठेवून नव्व्याण्णव बरखास्त केली तर रकान्याची बारीक रेघ कोठे टिकते, कोठे साफ नाहीशी होते. म्हणून सरासरी काढणे ओघानेच आले. पण तेथेही मेख अशी, की हे आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. एकाआड एक काळ्या-पांढऱ्या रेघांच्या आकड्यांची सरासरी १२८ भरते, परंतु त्यांचा निम्मा प्रकाश दाखविण्यास १८८ लागतात. आधी आकड्यांवरून प्रकाश काढावा, मग सरासरी घ्यावी, मग पुन्हा आकडे मांडावे, हा द्राविडी प्राणायाम कित्येक प्रणाली टाळतात, आणि दाट लिखाणाच्या पानांची लघुचित्रे मूळ पानापेक्षा काळवंडलेली दिसतात.