पारावरचा स्वीडन आणि कागदावरचा स्वीडन

घर सोडून लांब जाणे सातारा-सांगलीला नवे नाही. खानापूर, आटपाडी, माण, खटाव या दुष्काळी तालुक्यांतले गलाई कारागीर सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभरातल्या सराफ बाजारांत पोचले. पाटण-जावळीची माणसे मुंबईत माथाडी झाली. आता कराड, इस्लामपूर, सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून आणि मिरजेच्या नर्सिंगच्या वर्गांतून बाहेर पडणारी मुले पुण्यावर थांबत नाहीत. दुबई, जर्मनी, कॅनडा यांच्या पाठोपाठ नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड आणि आइसलंड ही नावे घराघरात ऐकू येऊ लागली आहेत. यातला राहायला कोणता चांगला, हा प्रश्न हौसेने विचारला जातो. उत्तरे मात्र बहुतेक वेळा यूट्यूबवरून नाहीतर एजंटाच्या ऑफिसातून येतात. त्यातल्या नेहमीच्या समजुती तपासून पाहायला हव्यात.

पाचही देश सारखेच. एकात पाय ठेवला की बाकीचे मोकळे.

नकाशावर ते एकमेकांना खेटून आहेत, झेंड्यांवर सारखाच क्रॉस आहे आणि शेंगेन व्हिसावर पाचही देश फिरता येतात. त्यामुळे असे वाटणे साहजिक आहे. पण फिरणे वेगळे आणि काम करणे वेगळे. स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंड युरोपीय संघात आहेत. नॉर्वे आणि आइसलंड नाहीत. युरो चलन फक्त फिनलंडमध्ये चालते. या देशांत एकमेकांकडे जाऊन नोकरी करण्याची मोकळीक १९५४ पासून आहे, पण ती त्यांच्या नागरिकांना. स्वीडनचा कामाचा परवाना घेतलेल्या भारतीयाला त्या परवान्यावर कोपनहेगनमध्ये नोकरी धरता येत नाही. युरोपीय संघाचे ‘ब्लू कार्ड’ही डेन्मार्क देत नाही.

ओळखीचा माणूस तिकडे असला, किंवा एजंट खात्रीचा असला, की काम होते.

ही समजूत मूर्खपणाची नाही. ती या भागाच्या अनुभवातून आली आहे. गलाईच्या धंद्यात एक पाव्हणा कोइम्बतूरला किंवा कानपूरला बसला, की पुतण्या, भाचा, गावातली चार पोरे त्याच्यामागे गेली. शब्द टाकला की जागा मिळत होती. आपल्याच देशात परवान्याचा प्रश्न नव्हता, म्हणून ते जमले. उत्तर युरोपात नातेवाइकाच्या शब्दाला कागदावर किंमत नाही. आधी नोकरीचा देकार, मग परवाना, मग प्रवास, हा क्रम आहे. स्वीडनमध्ये कामाच्या परवान्याचा अर्ज मालकाकडून सुरू होतो आणि पगाराची किमान मर्यादा ठरलेली आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ती देशातल्या मध्यम पगाराच्या ८० टक्के अशी ठरवली गेली. २०२५ च्या मध्यावर ही मर्यादा महिना २९,६८० क्रोना होती. ‘आधी पर्यटक म्हणून जा, तिकडे गेल्यावर बघू’ असे सांगणारा माणूस कायदेशीर वाट दाखवत नाही.

एजंटाबद्दलही नियम स्पष्ट आहेत. १९८३ च्या एमिग्रेशन अ‍ॅक्टनुसार परदेशी नोकरीसाठी माणसे भरणाऱ्याची केंद्र सरकारकडे नोंदणी लागते. नोंदणीकृत एजंटांची यादी ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर कोणालाही पाहता येते. एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो. लाखांच्या गोष्टी सुरू झाल्या की तिथेच उठावे. कर्ज काढून जाण्याचे काय होते ते पाहा: फिनलंड-स्वीडनच्या जंगलांत बेरी वेचायला थायलंडहून दरवर्षी मजूर नेले जात. प्रवासाच्या कर्जाखाली दबलेल्या त्या मजुरांच्या शोषणाचे खटले फिनलंडच्या न्यायालयांत चालले. उचल घेऊन हंगामाला जाणाऱ्या ऊसतोड टोळीचा हिशेब ज्याने पाहिला आहे, त्याला यातली मेख वेगळी सांगायला नको.

खात्रीची वाट म्हणाल तर ती बहुधा पुण्यातूनच जाते. अल्फा लाव्हल, सँडविक, एसकेएफ, अ‍ॅटलस कॉप्को या स्वीडनमध्ये जन्मलेल्या कंपन्या पुणे परिसरात कित्येक दशके आहेत. अशा कंपनीत चार-पाच वर्षे काढलेल्या इंजिनिअरला कंपनीच बदलीवर पाठवते, तेव्हा त्याला एजंटाची गरज पडत नाही.

फिनलंड जगातला सर्वांत आनंदी देश आहे, म्हणून तोच निवडावा.

‘वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्ट’मध्ये फिनलंड २०१८ ते २०२५ अशी सलग आठ वर्षे पहिला आला, हे खरे. पण हा क्रमांक हसण्या-खेळण्यावरून ठरत नाही. लोकांना शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी कल्पायला सांगतात आणि स्वतःचे आयुष्य कितव्या पायरीवर आहे ते विचारतात. उत्तरातून समाधान आणि भरवसा दिसतो: आजारी पडलो तर सांभाळले जाईल, पोलिस लाच मागणार नाहीत, पडलेले पाकीट परत मिळेल. याच अहवालाने २०१८ मध्ये परदेशातून आलेल्यांची उत्तरे वेगळी मोजली, तेव्हाही फिनलंडच वर होता, हे मान्य करायला हवे. मात्र आटपाडीच्या वाड्यातून आलेल्या माणसाला समाधानाची जी सवय असते, म्हणजे न विचारता घरात शिरणारा शेजारी आणि संध्याकाळचा कट्टा, ती तिथे सापडत नाही. फिनलंडच्या इमारतीत शेजाऱ्याची गाठ लिफ्टमध्ये पडते आणि बोलणे हवामानापाशी संपते. देशाचा क्रमांक पाहून मुक्काम ठरवणे म्हणजे जिल्ह्याचा दहावीचा निकाल पाहून आपल्या मुलाचे गुण सांगण्यासारखे आहे.

तिकडची थंडी आपल्याला झेपणार नाही.

महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले की त्याची बातमी होते. अशा मुलखातल्या माणसाला उत्तर ध्रुवाजवळचे देश म्हणजे बारमाही बर्फच वाटणार. प्रत्यक्षात अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे नॉर्वेचा किनारा त्याच्या अक्षांशाच्या मानाने बराच सौम्य आहे. बर्गेनमध्ये जानेवारीचे सरासरी तापमान शून्याच्या किंचित वरच असते. घरे, बस, ऑफिसे सगळी उबदार असतात. साताऱ्याच्या पत्र्याच्या घरात डिसेंबरच्या पहाटे जितके काकडायला होते, तितके स्टॉकहोमच्या फ्लॅटमध्ये होत नाही.

खरी परीक्षा अंधाराची असते आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. डिसेंबरच्या शेवटी साताऱ्यात दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. तेव्हा कोपनहेगनमध्ये तो सातच तासांचा, स्टॉकहोममध्ये सहाच्या आसपास आणि रेक्याविकमध्ये जेमतेम चार तासांचा असतो. नॉर्वेच्या ट्रोम्सोमध्ये नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. सकाळी अंधारात कामावर जायचे आणि दुपारी तीनलाच बाहेर रात्र झालेली पाहायची, हे पहिल्या हिवाळ्यात जड जाते. सावळ्या त्वचेत ड जीवनसत्त्व कमी तयार होते, म्हणून तिथले डॉक्टर ते गोळीतून घ्यायला सांगतात. पावसाचेही तसेच. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बर्गेनला त्याच्या निम्म्याहून कमी. पण महाबळेश्वरचा पाऊस चार महिन्यांत उरकतो आणि बर्गेनचा वर्षभर पाठ सोडत नाही.

तिथे सगळ्यांना इंग्रजी येते, मग वेगळी भाषा कशाला?

सॉफ्टवेअरच्या नोकरीपुरते हे बरेचसे खरे आहे, आणि तिकडून व्हिडिओ टाकणारे बहुतेक जण त्याच नोकरीतले असतात. नर्सचे तसे नाही. युरोपबाहेर शिकलेल्या नर्सला स्वीडनमध्ये नोंदणीसाठी शिक्षणाची तपासणी, ज्ञानाची परीक्षा, देखरेखीखालचे काम आणि स्वीडिश भाषेची सी-१ पातळी लागते. सी-१ म्हणजे रुग्णाच्या नातेवाइकाशी शस्त्रक्रियेच्या धोक्यांबद्दल अडखळल्याशिवाय बोलता येणे. नेटाने शिकले तरी ती यायला दोन-तीन वर्षे सहज जातात. फिनिश तर वेगळ्याच कुळातली भाषा. नामाला पंधरा विभक्ती. मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांच्या रुग्णालयापासून, म्हणजे १८९४ पासून, ज्या मिरजेत रुग्णसेवेची परंपरा आहे तिथल्या मुलींच्या कौशल्यात काही उणे नाही. अडते ते भाषेपाशी, आणि शिकवणीची खरी फी तिथे भरावी.

शिक्षण फुकट आहे.

होते. डेन्मार्कने युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २००६ पासून, स्वीडनने २०११ पासून, फिनलंडने २०१७ पासून आणि नॉर्वेने २०२३ पासून फी लावली. जुने व्हिडिओ मात्र अजून फिरत आहेत.

पगारातला अर्धा भाग करात जातो, पण त्या बदल्यात सगळे मोफत मिळते.

यातले दोन्ही भाग अर्धवट आहेत. स्वीडनमध्ये बहुसंख्य नोकरदार फक्त स्थानिक कर भरतात. तो सरासरी सुमारे ३२ टक्के आहे आणि सवलती धरल्या तर मध्यम पगाराला प्रत्यक्षात त्याहून बराच कमी बसतो. बोजा लपलेला असतो तो बाजारात. स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्कमध्ये मूल्यवर्धित कर २५ टक्के आहे, फिनलंडमध्ये सप्टेंबर २०२४ पासून साडेपंचवीस. डेन्मार्कमध्ये तर भाजीपाल्यालाही पूर्ण दर लागतो. डॉक्टरकडे स्वीडन-नॉर्वेत दर भेटीला थोडी फी असते, प्रौढांच्या दाताचा खर्च मुख्यतः खिशातून जातो आणि तातडीचे नसेल तर थांबावे लागते. स्वीडनच्या कायद्यातली हमीच तज्ज्ञाच्या भेटीसाठी ९० दिवसांची आहे. सांगलीत सकाळी एमआरआय आणि संध्याकाळी रिपोर्ट मिळवणाऱ्याला ही रांग पटत नाही.

आणखी एक रांग घराची. स्टॉकहोमच्या घरवाटप यादीत नियमित भाड्याचा फ्लॅट मिळायला सरासरी नऊ वर्षांच्या आसपास लागतात. तोवर दुसऱ्याच्या फ्लॅटमध्ये पोटभाडेकरू म्हणून, दर वर्ष-दीड वर्षाने सामान हलवत राहावे लागते. तिथे पोचल्यावर पहिले काही आठवडे ओळख क्रमांकाची वाट पाहण्यात जातात. तो क्रमांक हाती नसेल तर बँकखाते अडते, आणि बँकेची डिजिटल ओळख नसेल तर दवाखान्याची वेळ घेण्यापासून शाळेच्या अर्जापर्यंत सगळेच अडते.

नॉर्वेत मुलाला हाताने भरवले तरी सरकार मूल काढून घेते.

ही भीती २०२३ च्या ‘मिसेस चॅटर्जी व्हर्सेस नॉर्वे’ या चित्रपटामुळे पक्की झाली. मूळ प्रकरण खरे आहे. २०११ मध्ये स्टाव्हांगर इथल्या एका बंगाली कुटुंबाची दोन मुले बालकल्याण खात्याने ताब्यात घेतली आणि ती पुढच्या वर्षी भारतात परतली. पण केवळ हाताने भरवणे किंवा शेजारी झोपवणे यासाठी मुले काढून घेतली जात नाहीत, असे नॉर्वेच्या राजदूतांनी चित्रपटानंतर जाहीरपणे सांगितले. तरी त्या खात्याला सगळेच माफ करण्याचे कारण नाही. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१९ च्या एका मोठ्या खटल्यासह अनेक बालकल्याण प्रकरणांत नॉर्वेला दोषी धरले आहे. भारतीय पालकांनी लक्षात ठेवायची गोष्ट वेगळीच आहे. मुलावर हात उगारणे स्वीडनमध्ये १९७९ पासून आणि नॉर्वेमध्ये १९८७ पासून बेकायदा आहे, आणि ‘एक धपाटा घातला तर काय बिघडले’ हा युक्तिवाद तिथे ऐकला जात नाही.

एकदा बस्तान बसले की आई-वडिलांना घेऊन जाता येते.

सगळ्यांत जास्त घरे या समजुतीवर चालली आहेत, आणि सगळ्यांत जास्त मनस्तापही हिच्यातूनच होतो. अमेरिकेचा नागरिक झालेला मुलगा आई-वडिलांसाठी अर्ज करू शकतो, कॅनडातही पालकांसाठी योजना आहे. पुण्या-मुंबईतली अशी उदाहरणे पाहून उत्तरेकडेही तसेच असेल असे गृहीत धरले जाते. उत्तरेत कुटुंब म्हणजे नवरा-बायको आणि अल्पवयीन मुले. स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये नोकरीवर आलेल्या माणसाच्या पालकांसाठी कायम राहण्याची वाट जवळपास बंद आहे. नॉर्वेत ती साठीपुढच्या, एकट्या उरलेल्या आणि मायदेशी जवळचे कोणी नसलेल्या पालकापुरती उघडी आहे. फिनलंडमध्ये पालक पूर्णपणे परावलंबी असल्याचे सिद्ध करावे लागते, आइसलंडमध्ये ६७ वर्षांपुढच्या पालकांचा विचार होतो. बाकीच्यांसाठी बहुधा उरतो तो शेंगेन व्हिसा: १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. कोरेगावला एकटे राहणारे वडील आणि एकुलता मुलगा असे घर असेल, तर देश निवडताना पगाराच्या आधी हा नियम वाचावा.

तिकडचा झाला की सातबाऱ्यावरचे नाव उडते.

ही भीती उलट्या टोकाची आहे. परदेशात राहिल्याने वडिलोपार्जित जमिनीवरचा हक्क जात नाही. भारतीय नागरिकत्व सोडून ओसीआय कार्ड घेतले तरी वारसाने आलेली शेतजमीन ठेवता येते. बदलते ते पुढचे. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे तिकडचा पासपोर्ट घेतला की इकडचा जमा करावा लागतो. नॉर्वेत त्यासाठी साधारणपणे आठ वर्षांचे वास्तव्य लागते, डेन्मार्कमध्ये नऊ, आइसलंडमध्ये सात. फिनलंडने ऑक्टोबर २०२४ मध्ये पाचाची आठ वर्षे केली. त्यानंतरच नव्हे, तर अनिवासी भारतीय असतानाही शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानेही घेता येत नाही. वारसाने आलेली जमीन विकायची झाली तरी ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते. भाऊबंदांची वाटणी, फेरफार आणि वारसनोंदी मागे पडल्या असतील, तर त्या नागरिकत्वाच्या अर्जाआधी उरकून घ्याव्यात. नंतर प्रत्येक सहीसाठी वकिलातीतून साक्षांकित केलेले मुखत्यारपत्र पाठवावे लागते.